फिनिक्समधला पहिला उन्हाळा: हे कोणी आधी का नाही सांगितलं?

कोरांटी
६ जुलै, रात्री १२:१०

जूनच्या १० तारखेला आम्ही तिघं अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहायला आलो. यायच्या आधी ज्याला विचारावं तो एकच वाक्य म्हणायचा, "अगं, कोरडा उन्हाळा आहे, घामाची चिकचिक नाही." त्या वाक्यावर विसंबून आलेली मी आज सव्वीस दिवसांनी हा धागा काढतेय.

पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण जावा म्हणून तोंडावर पाणी मारायला निळ्या खुणेचा नळ सोडला आणि हात झटकन मागे घेतला. वाटलं, प्लंबरने पाइप उलटे जोडलेत. अपार्टमेंटच्या ऑफिसात फोन केला. पलीकडची मुलगी हसू दाबत म्हणाली, पाइप बरोबर आहेत, सप्टेंबर संपेपर्यंत दोन्ही नळ गरमच.

मग पार्किंग. दुकानाच्या दारासमोरच्या जागा रिकाम्या आणि पार टोकाला, जिथे चार मरतुकडी झाडं आहेत, तिथे गाड्यांची दाटी. नवऱ्याने खुशीत दारातच गाडी लावली. अर्ध्या तासाने परत आलो तर पट्ट्याचं बकल लेकाच्या मांडीला लागलं आणि डाग उठला. आता बरा आहे. तेव्हापासून आम्हीही टोकाला.

पण ज्याच्यासाठी लिहायला बसले ती गोष्ट रात्रीची आहे. उन्हाळा मला नवा नाही. दिवस कितीही तापला तरी रात्री जरा जीव निवतो, हे मी धरूनच चालले होते. काल रात्री अकराला कचरा टाकायला खाली गेले तर फोनवर १०२ फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ३९ सेल्सिअस. सूर्य मावळून तीन तास उलटलेले. कंपाउंडच्या भिंतीला सहज टेकले आणि दचकून सरळ झाले, इतकी ती तापलेली. बाहेर चिटपाखरू नाही. फक्त एसीच्या यंत्रांची घरघर, सगळ्या छपरांवरून एकदम.

हे असंच असतं का? पाच वर्षांच्या मुलाला घराबाहेर न्यायचं तरी कधी? जुन्या मंडळींनी बोलावं.


रिकामटेकडा
६ जुलै, सकाळी ७:०२

नळाचं एक गुपित सांगतो. उन्हाळ्यात गीझर बंद करून टाका. टाकी घरात असेल तर तिच्यातलं पाणी एसीमुळे घराइतपत निवतं. मग लाल नळ थंड आणि निळा नळ गरम. पाहुण्यांची फजिती बघायला मजा येते.


जुनाजाणता
६ जुलै, सकाळी ९:४५

कोरांटीताई, स्वागत. मी इथे १९८८ पासून आहे, तेव्हा थोडं लांबण लावतो.

सगळे आकडा विचारतात म्हणून तो आधी सांगून टाकतो. या शहराचा उच्चांक १२२ फॅरनहाइट, म्हणजे ५० सेल्सिअस, २६ जून १९९०. त्या दिवशी मी इथेच होतो. विमानतळावर काही काळ उड्डाणं थांबवली होती. विमानांना काही झालं नव्हतं, पण उड्डाणाचं गणित मांडायचे जे तक्ते वैमानिकांकडे होते ते १२० पर्यंतच छापलेले होते! तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, धावपट्टी जास्त लागते. ती किती, ते तक्त्यात नाही, तर बसा जमिनीवर. पुढे २०१७ च्या जूनमध्ये छोट्या विमानांच्या बाबतीत असाच प्रकार झाला. त्यांची मर्यादा ११८ ची होती.

पण तुम्ही बोट नेमकं ठेवलंत ते रात्रीवर. आम्ही आलो तेव्हा पहाटे चारला उठून खिडक्या उघडायच्या, पंखा लावून घर निववून घ्यायचं आणि साडेसहाला सगळं बंद करायचं, असं अर्ध्या उन्हाळ्यात तरी चालायचं. आता जुलैत ते विसरा. मधल्या काळात शेतं गेली, संत्र्यांच्या बागा गेल्या, त्या जागी डांबर आणि काँक्रीट आलं. दिवसभर प्यायलेली उष्णता ते रात्रभर ओकत बसतं. २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० किंवा त्याच्या वर होतं, बातम्यांत तेच गाजलं. माझ्या लेखी त्याहून वाईट म्हणजे त्याच जुलैत सलग १६ रात्री पारा ९० च्या खाली उतरला नाही. १९ जुलैचं किमान तापमान ९७ होतं. किमान! म्हणजे ३६ सेल्सिअस हा त्या दिवसाचा सगळ्यात थंड क्षण.

मुलाचं विचाराल तर पहाटे पाचला उद्यानात घेऊन या. अख्खं गाव तिथे भेटेल, कुत्र्यांसकट. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, ॲरिझोना करत नाही, १९६८ पासून नाही, त्यामुळे जूनमध्ये सव्वापाचला लख्ख उजाडतं. संध्याकाळी एक तास जास्त ऊन घेऊन इथे करायचंय काय?


मधलीसुट्टी
६ जुलै, सकाळी १०:२०

घड्याळावरून अवांतर: ईशान्येकडे नावाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशात मात्र घड्याळ पुढे करतात, आणि त्याच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे तिथे करत नाहीत. आम्ही तिकडे सहलीला गेलो होतो तेव्हा एका दिवसात फोनने इतक्यांदा वेळ बदलली की शेवटी भूक लागेल ती जेवणाची वेळ, असं ठरवलं.


चिकित्सक
६ जुलै, दुपारी १:१५

"कोरडा उन्हाळा" हे वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. घाम येतो, भरपूर येतो, पण त्वचेवर थांबतच नाही, लगेच उडतो. म्हणून शरीर निवतं हे खरं, आणि म्हणूनच किती पाणी गेलं ते कळत नाही हेही खरं. शर्ट कोरडा असतो म्हणून माणूस बिनधास्त राहतो आणि डोकं ठणकायला लागलं की जागा होतो. तहान लागायची वाट बघू नका.

घराला जुना पाण्याचा कूलर असेल तर मे-जूनमध्ये तो झकास चालतो आणि वीज किरकोळ खातो. तो चालतो याचं कारण हवा कोरडी आहे. जुलैत मान्सून आला (हो, इथेही मान्सूनच म्हणतात, अधिकृत मोसम १५ जून ते ३० सप्टेंबर) की हवेत ओल येते आणि कूलर नुसता दमट वारा फेकतो. तेव्हा तुमच्या त्या कोरड्या उन्हाळ्याचं प्रमाणपत्रही रद्द होतं.


पाणपोई
६ जुलै, रात्री ९:३०

वरचं सगळं वाचलं. सगळेच गाडीवाले दिसताय.

मी पहिली दोन वर्षं गाडीशिवाय काढली. बसच्या थांब्यावर छप्पर नसेल तर लोक कुठे उभे राहतात ते कधी बघितलंय? विजेच्या खांबाच्या सावलीत. खांबाची सावली ती केवढी, वीतभर रुंद. तर तिच्यात एकामागे एक, रांग लावल्यासारखे पाच जण उभे असतात. सावली सरकली की रांग सरकते. बोलत कोणी नाही. मी पहिल्या दिवशी खुळ्यासारखी बाकावर बसायला गेले. लोखंडी बाक. पुढचं सांगत नाही.

२०२३ साली या एका मॅरिकोपा काउंटीत (म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्यात) उष्म्याशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले बरेच जण बेघर होते, आणि घरात मरण पावलेल्यांपैकी बहुतेकांचा एसी बंद पडलेला किंवा नव्हताच. डांबर ७० सेल्सिअसच्या वर तापतं. त्यावर चक्कर येऊन पडलेला माणूस उठेपर्यंत भाजलेला असतो. दुपारी रस्त्यात कोणी आडवा दिसला तर झोपलाय असं समजून पुढे जाऊ नका, ९११ ला फोन करा. ग्रंथालयं उन्हाळ्यात गारव्याची ठिकाणं म्हणून उघडी असतात, कोणालाही बसता येतं. आणि गाडीत पाण्याच्या दोन जादा बाटल्या ठेवा, सिग्नलला द्यायला.

शहराने २०२१ मध्ये उष्म्यासाठी स्वतंत्र कार्यालय काढलं, झाडं लावतायत, रस्त्यांना फिकट राखाडी लेप देतायत. लेपाने रस्ता कमी तापतो हे खरं, पण त्यावरून चालणाऱ्याच्या अंगावर ऊन उलटून येतं. थांब्यावर उभ्या असलेल्याला विचाराल तर तो सावलीच मागेल.


कोरांटी
७ जुलै, सकाळी ६:१०

पाणपोई, खांबाच्या सावलीतली रांग मी पाहिली होती. मला वाटलं बसची रांग आहे.

जुनाजाणता, आज पहाटे पाचला खरंच गेलो उद्यानात. वाढदिवस चालला होता कोणाचा तरी, फुग्यांसकट!


वाटसरू
७ जुलै, रात्री ८:००

नव्या लोकांना एक कळकळीची विनंती. शहराच्या मधोमध कॅमलबॅक आणि पिएस्टेवा पीक असे दोन डोंगर आहेत. खालून बघितलं तर वाटतं, हे काय, तासाभराचं काम. पाहुणे सकाळी नाश्ता करून निवांत नऊला निघतात. चढताना जेमतेम निभतं. खडक तापलेले असतात आणि उतरताना ऊन डोक्यावर. दर उन्हाळ्यात माणसं उचलून आणावी लागतात. शेवटी शहराने उष्म्याचा कडक इशारा असेल त्या दिवशी या वाटा दिवसा बंद करायला सुरुवात केली. साधा हिशोब असा की निम्मं पाणी संपलं की मागे फिरायचं, शिखर चार पावलांवर असलं तरी.


कोरांटी
११ जुलै, संध्याकाळी ५:५०

तातडीचं! एसी बंद पडलाय. थर्मोस्टॅट ७८ वर आहे आणि घरात ९१. ऑफिस म्हणतंय माणूस मंगळवारी येईल. आज शुक्रवार आहे. काय करू?


रिकामटेकडा
११ जुलै, संध्याकाळी ५:५४

बाहेरचं यंत्र गुणगुणतंय पण पंखा फिरत नाहीये, असं आहे का?


कोरांटी
११ जुलै, संध्याकाळी ५:५९

हो! अगदी तसंच. नवरा खाली जाऊन बघून आला.


रिकामटेकडा
११ जुलै, संध्याकाळी ६:०३

मग बहुतेक कॅपॅसिटर गेला. उन्हात तापून तापून तोच आधी मरतो. बोटभर उंचीचा डबा, बदलायला पंधरा मिनिटं. पण स्वतः हात घालू नका, वीज बंद केली तरी त्यात झटका साठलेला असतो. ऑफिसला फोन करून "कॅपॅसिटर गेलाय" एवढंच ठासून सांगा. मोठं काम नाही म्हटल्यावर माणूस लवकर मिळतो, असा माझा अनुभव.


मधलीसुट्टी
११ जुलै, संध्याकाळी ६:१०

फोनवर थांबू नका, लेखी कळवा, थर्मोस्टॅटचा फोटो जोडा. फिनिक्स शहराच्या नियमानुसार भाड्याच्या घरात एसी असेल तर त्याने खोली ८२ पर्यंत तरी थंड करता आली पाहिजे. कूलर असेल तर ८६. मंगळवारपर्यंत ९१ मध्ये राहा, असं कोणी म्हणू शकत नाही. नियमाचा उल्लेख केला की सूर बदलतो. तोवर मुलाला घेऊन ग्रंथालयात जा.


कोरांटी
१२ जुलै, सकाळी ११:२५

माणूस रात्री साडेनऊला आला. कॅपॅसिटरच होता. हातातला जुना तुकडा दाखवला, वरचं झाकण टम्म फुगलेलं. म्हणाला, हा आजचा अकरावा. सुरू झाल्यावर पहिली गार झुळूक आली तेव्हा आम्ही तिघं त्या झरोक्याखाली तोंड वर करून उभे होतो, पाच मिनिटं तरी.

मधलीसुट्टी, नियम लिहून पाठवल्यावर "मंगळवार" चा "आज" व्हायला वीस मिनिटं लागली.


जुनाजाणता
१२ जुलै, दुपारी ३:४०

सुटलात. आता वीज कुठून येते ते ऐका, मला हे फार आवडतं. शहराच्या पश्चिमेला पालो व्हर्डे अणुवीज केंद्र आहे. अणुकेंद्र म्हटलं की नदी किंवा समुद्र शेजारी हवा, थंड करायला पाणी लागतं. इथे वाळवंटात पाणी आणायचं कुठून? तर आपल्याच सांडपाण्याचं. शहरांचं सांडपाणी शुद्ध करून तिकडे नेतात. म्हणजे काल ज्या विजेने तुमचं घर निवलं तिच्यात कोणाच्या तरी आंघोळीचा वाटा आहे.

नळाचं पाणी येतं सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांचं, आणि कोलोरॅडो नदीचं. कोलोरॅडोचं पाणी ५४० किलोमीटरच्या कालव्यातून डोंगर चढवून आणलंय. आणि कालवे हे इथे काही गोऱ्यांनी आणलेलं खूळ नाही. होहोकाम लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी हातांनी खोदलेले कालवे इथे होते. १८६७ पासून आलेल्या वसाहतवाल्यांनी तेच माग धरून नवे खोदले. जुन्या वस्तीच्या राखेतून नवी उभी राहतेय म्हणून गावाचं नाव फिनिक्स.


चिंचेचं बोटूक
१८ जुलै, रात्री ११:१५

धागा वर काढतेय, कारण आज माझं पाणी पाणी झालं.

टूसॉनहून गाडीने परत येत होते. दक्षिणेकडे क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली. मला वाटलं डोंगर आहे. मग लक्षात आलं, डोंगर जवळ येतोय. दोन-तीन मिनिटांत दुपारची संध्याकाळ झाली आणि समोरची गाडी गायब. सूचनाफलकावर वाचलेलं आठवलं, रस्ता सोडून बाजूला घ्या, दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा. दिवे बंद कशाला, असा मला कायम प्रश्न पडायचा. आज उत्तर समजलं. मी बाजूला उभी, पुढे एकाने दिवे चालू ठेवलेले, आणि मागून येणारा ट्रक त्या लाल दिव्यांनाच रस्ता समजून सरळ त्यांच्या दिशेने यायला लागला. शेवटच्या क्षणी वळला. ब्रेकवर पाय असला तरी मागचे लाल दिवे लागतात, म्हणून पाय काढायचा.

वीस मिनिटांत सगळं ओसरलं. दातांत अजून रेती लागतेय.


चिकित्सक
१९ जुलै, सकाळी ८:३०

त्याला हबूब म्हणतात. वादळी ढगातून गार हवा धाडकन खाली येते आणि जमिनीवर पसरताना धूळ पुढे लोटत नेते. शब्द अरबी. ५ जुलै २०११ च्या हबूबची भिंत मैलभर उंच होती. तेव्हा हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, तर काही लोकांनी वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली की आमच्या धुळीला परदेशी नाव का. धुळीने काही मनावर घेतलं नाही.


रिकामटेकडा
१९ जुलै, सकाळी ८:४४

साध्या धुळीच्या वावटळीलाही हल्ली सगळे हबूब म्हणतात, तेवढं सोडून सहमत.


औषधपाणी
१९ जुलै, दुपारी १२:००

धुळीवरून आठवलं. इथल्या मातीत कॉक्सिडिओइडिस नावाची बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर होतो. देशात नोंद होणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त ॲरिझोनातले असतात. पुष्कळांना कळतही नाही, पण खोकला, ताप, थकवा आठवडे उलटूनही हटत नसेल तर डॉक्टरांना "व्हॅली फीव्हरची तपासणी करा" असं स्वतःहून म्हणा. दिसायला न्यूमोनियासारखाच असतो. माझ्या बाबतीत अँटिबायोटिक्सच्या दोन फेऱ्या वाया गेल्यावर एकाला ते सुचलं. माणसाकडून माणसाला लागत नाही.


जुनाजाणता
१९ जुलै, संध्याकाळी ७:२०

अहो, घाबरवून सोडाल सगळे मिळून तिला. कोरांटीताई, नोव्हेंबरपर्यंत कळ काढा. इतर गावांत लोक हिवाळ्यात घरात कोंडून घेतात, आपण उन्हाळ्यात, इतकाच फरक. नोव्हेंबर ते एप्रिल तुम्ही बाहेरच राहाल. मार्चमध्ये उरल्यासुरल्या संत्र्यांना मोहर येतो, रात्री गाडीच्या काचा खाली करून हिंडावं. मेमध्ये सग्वारो फुलतो. ज्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात तो उंच निवडुंग. परवान्याशिवाय तो हलवलात तर गुन्हा आहे.

आणि जानेवारीत एखाद्या रात्री दव गोठायची भीती असते, तेव्हा लोक निवडुंगांच्या शेंड्यांना थर्मोकोलचे पेले घालतात. सकाळी फिरायला निघालं की अंगणा-अंगणात टोप्या घातलेले निवडुंग. हसू नका, तुम्हीही घालाल.


कोरांटी
२४ जुलै, रात्री ११:०५

आज पाऊस पडला.

साडेसहाला १०९ होतं. आधी धूळ, मग वारा, मग नाणी टाकल्यासारखे मोठे मोठे थेंब, दहा-बारा मिनिटं. पारा ८३ वर. पण पावसाच्या आधीच एक वास आला, औषधी, जरा डांबराच्या गोळ्यांसारखा, जरा ओल्या पालापाचोळ्यासारखा. शेजारीण म्हणाली, क्रिओसोट नावाचं झुडूप आहे, त्याच्या पानांवरचा राळेसारखा लेप ओला झाला की हा वास सुटतो. एरवी फांदी तोंडाजवळ धरून श्वास सोडला तरी येतो म्हणे.

खिडकी उघडायला गेले तर उघडेना. दीड महिन्यात आम्ही ती एकदाही उघडली नव्हती, खाचेत धूळ बसून पक्की झाली होती. नवऱ्याने हातोडीच्या दांड्याने ठोकून उघडली.

मागचा कोरडा ओढा तासाभरात दुथडी भरला. रस्त्यावर अडथळे लावलेत. अडथळा ओलांडून पाण्यात गाडी घातली आणि अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदा आहे म्हणे, "मूर्ख वाहनचालक कायदा" म्हणतात त्याला. तरी आमच्या डोळ्यांदेखत एकाने घातलीच.

आता एक शंका. पावसानंतर बाथरूमच्या भिंतीवर फिकट पिवळा, बोटाएवढा विंचू दिसला. एकच असेल ना?


रिकामटेकडा
२४ जुलै, रात्री ११:१२

अतिनील बॅटरी घ्या, दहा-बारा डॉलरला मिळते. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. भिंती आधी बघा, हा बार्क स्कॉर्पियन भिंतीवर चढतो. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. मुलाला डसलाच तर घरगुती उपाय नकोत, लगेच विषबाधा केंद्राला फोन.


कोरांटी
२६ जुलै, रात्री ९:५०

बॅटरी आणली. लेकाला हा वर्षातला सर्वोत्तम खेळ वाटतोय. घरात एकही नाही. बाहेरच्या भिंतीवर तीन. पैकी एक शेजारणीच्या दाराच्या चौकटीवर आहे. तिचे दिवे बंद आहेत, झोपली असावी. उठवू का?


पाणपोई
२६ जुलै, रात्री ९:५३

उठवा. आणि पायात बूट घालून जा.